कुणी ‘बसा’ म्हटल्याशिवाय

लातूरला दहावी पास झालेल्या पोराला ‘पुढं काय करणार?’ असं कुणी विचारत नाही. ‘नीट का जेईई?’ एवढंच विचारतात, आणि त्याचं उत्तर येईपर्यंत ‘कुठल्या क्लासला?’ हा पुढचा प्रश्न तयार असतो. अशा गावात, भर ट्यूशन एरियात, एका चष्म्याच्या दुकानावरच्या खोलीत मी ‘परदेशी विद्यापीठ प्रवेश मार्गदर्शन’ अशी पाटी लावली. तेव्हा शेजारच्या फिजिक्सवाल्या सरांनी मला चहाला बोलावलं आणि फार मायेनं विचारलं, ‘मॅडम, घरी सगळं ठीक आहे ना?’

घरी सगळं ठीक होतं. कॉलेजात पंचवीस वर्षं इंग्रजी शिकवून झालं होतं, आणि दर वर्षी त्याच कवितेवर तोच तास घेऊन माझा मलाच कंटाळा आला होता. पोरांना मात्र मी कधी कंटाळले नाही. म्हणून ही पाटी. पहिल्या आठवड्यात तीन गिऱ्हाइकं आली. एकाला पासपोर्टचा फोटो काढायचा होता. दुसऱ्याला मेहुण्यासाठी दुबईत ड्रायव्हरची नोकरी हवी होती. तिसरे गृहस्थ नुसतेच पंख्याखाली बसले आणि अर्ध्या तासानं ‘बरं वाटलं’ म्हणून उठून गेले. खाली त्यांच्या बायकोचा चष्मा तयार होत होता.

पुढं मात्र जम बसला. सोमवार ते शुक्रवार लातूर आणि शनिवार-रविवार नांदेडला भाग्यनगरातल्या बहिणीच्या घराची पुढची खोली, असं माझं दुकान बारा वर्षं चाललं. आता ते माझ्याच एका विद्यार्थिनीच्या हाती दिलंय आणि मी घरी बसून लोणची घालते, असं लोकांना सांगते. खरं म्हणजे दर दोन दिवसांनी तिथं जाऊन तिच्या कामात नाक खुपसते.

या धंद्यात नेमकं काय करतात, हे मला बारा वर्षांत माझ्या सासूबाईंनाही समजावता आलं नाही, तरी सांगते. बारावीनंतर बाहेरच्या देशात शिकायला जायचं तर नुसत्या मार्कांवर भागत नाही. तिथली विद्यापीठं पोराला आपल्याबद्दल एक निबंध लिहायला लावतात. शाळेतल्या सरांचं पत्र मागतात. काही ठिकाणी संगणकावर समोरासमोर मुलाखत घेतात. आमचं काम म्हणजे पोराला कुठं जायचंय ते त्याच्याकडूनच काढून घ्यायचं आणि त्याला जमतील अशा जागा शोधायच्या. मी आईबापांना चिंचेच्या झाडाचं सांगायची. एक चिंच उडी मारून लागेल अशी, दोन चिंचा हात उंचावल्यावर लागतील अशा आणि एक बसल्या जागी हाताला येईल अशी धरा. आईबाप मान डोलवायचे आणि विचारायचे, ‘पण सगळ्यात वरची कोणती, तेवढी सांगा.’

धर्माबादच्या एका मिरचीच्या व्यापाऱ्यांची गोष्ट मला विसरता येत नाही. पोराला घेऊन आले, बरोबर किलोभर लाल मिरची भेट म्हणून. त्या पिशवीनं खोलीत सगळ्यांना ठसका लागला. ठसक्यातच म्हणाले, ‘मॅडम, पोराला परदेशात धाडायचं हाय, पन जवळच्या परदेशात.’

‘जवळच्या म्हणजे?’

‘म्हंजे बगा, सणावाराला येऊन जाता आलं पायजे. त्याची माय लई हळवी हाय. अमेरिका-बिमेरिका न्हाई जमायचं.’

मी त्यांना सिंगापूरचं सांगितलं. त्यांनी बोटं मोजायला सुरुवात केली. धर्माबाद ते हैदराबाद रेल्वेनं एवढे तास, पुढं विमानानं एवढे. मग एकदम उजळलेल्या चेहऱ्यानं पोराकडं वळून म्हणाले, ‘अरे, हे तर पुण्यापेक्षा जवळ हाय की!’ पोरगा तिथंच शिकला आणि मायनं त्याला दर दोन महिन्याला मिरचीची चटणी धाडली. ठसका आता सिंगापूरकरांच्या वाट्याला.

हे झालं हसण्यावारी नेण्यासारखं. माझ्या हातून एक चूक झाली तीही सांगितली पाहिजे, कारण पुढची गोष्ट तिच्याशिवाय कळायची नाही.

आमच्या पोरांना निबंध लिहिता येत नाही. इंग्रजी कच्चं म्हणून नव्हे. ‘स्वतःबद्दल लिही’ म्हटलं की ती आईच्या कष्टाबद्दल लिहितात, वडिलांच्या त्यागाबद्दल, सरांच्या मार्गदर्शनाबद्दल. स्वतः कुठंच नसतात. आपल्या तोंडानं आपलं कौतुक करायचं नाही, हे त्यांना बाराखडीच्या आधी शिकवलेलं असतं. औशाचा ओंकार असाच होता. चांगला, गुणी, गप्प. त्याचा निबंध वाचून मला झोप यायला लागली, तेव्हा मीच पेन उचललं. औशाच्या किल्ल्यावर एकटाच फिरणारा, दगडांशी बोलणारा, इतिहासाचं वेड असणारा एक मुलगा मी कागदावर उभा केला. इतका छान उतरला की माझी मलाच शाबासकी द्यावीशी वाटली. ओंकारला एका मोठ्या विद्यापीठात जागा मिळाली. पेढे वाटले.

तिकडं गेल्यावर महिन्याभरानं त्याचा फोन आला. ‘मॅडम, तुमी लिवलेला ओंकार हितं समद्यांना लई आवडलाय. पन तो मी न्हाई ना. मी तर किल्ल्यात एकदाच गेलतो, सहलीला.’ दिवाळीच्या आधी तो परत आला. आज त्याचं औशाला ठिबक सिंचनाचं चांगलं दुकान आहे, तो सुखात आहे, मला भेटला की वाकून नमस्कार करतो. त्यानं मला कधी बोल लावला नाही, पण मला त्याचं वाईट वाटतं ते वाटतंच. त्या दिवसापासून मी नियम केला की पोराच्या कागदावर माझं एक अक्षर उमटणार नाही. प्रश्न विचारीन, डोकं खाईन, पण लिहिणार नाही आणि मुलाखतीत तोंड उघडणार नाही.

आणि मग आली सुजाता.

कंधारजवळच्या एका गावची. नांदेडच्या खोलीत एका रविवारी वडिलांबरोबर आली. वडील एसटीच्या आगारात मेकॅनिक. हात स्वच्छ धुतलेले, तरी नखांच्या कडेला ग्रीसची काळी रेघ राहिलेली. मी ‘या’ म्हटलं तर दोघं आत आले आणि उभे राहिले. मी फोनवर होते. फोन लांबला. दोघं उभेच. शेवटी मी हातानं खुर्च्या दाखवल्या आणि ‘बसा ना’ म्हटलं, तेव्हा बसले. मला तेव्हा त्यात काही विशेष वाटलं नाही. मीही खेड्यातल्याच शाळेत शिकले. मास्तर वर्गात आले की उठायचं आणि ते ‘बसा’ म्हणेपर्यंत बसायचं नाही, हे आमच्या हाडात आहे.

‘पोरीला पान्याचं शिकायचं हाय म्हनती,’ वडील म्हणाले. ‘मी म्हनलो, पान्याचं काय शिकायचं? पन ती आयकंना.’

‘कसलं पाण्याचं?’ मी सुजाताला विचारलं.

‘जमिनीखालचं, मॅडम.’ एवढंच. मग खाली बघायला लागली.

नेदरलँड्समधल्या एका विद्यापीठात असा अभ्यासक्रम होता. राहण्याखाण्यासकट सगळा खर्च उचलणारी एकच शिष्यवृत्ती होती, जगभरातून दोघातिघांना मिळणारी. ती मिळाली तर सुजाता जाणार, नाही मिळाली तर नाही, इतकं ते सरळ होतं. घरात पोरीला बारावीनंतर नांदेडला डी.एड.ला घालायचं जवळपास ठरलेलंच होतं. मावशीनं कॉलेजही बघून ठेवलं होतं. वडिलांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, ‘मॅडम, एकच खेप. ही न्हाई लागली तर मला बी पुन्हा घरात बोलता यायचं न्हाई.’

माझ्या भाषेत सांगायचं तर ती उडी मारूनही न लागणारी चिंच होती, आणि पोरीला दुसरी नकोच होती.

निबंध आला. पहिला परिच्छेद वडिलांचा, दुसरा आईचा, तिसरा सरांचा. चौथ्यात पाणी. ‘आमच्या वस्तीतल्या बायका उन्हाळ्यात आसपासच्या अकरा विहिरींचं पाणी दर रविवारी मोजतात आणि विहाराबाहेरच्या फळ्यावर लिहितात,’ असं एक वाक्य होतं. मी ते वाचलं. एकदा नव्हे, सहा वेळा वाचलं. छान आहे, म्हटलं आणि पुढं गेले. तिला पुन्हा पुन्हा सांगत राहिले, ‘अगं, यात तू कुठं आहेस?’ ती म्हणायची, ‘हाय की मॅडम, शेवटी नाव लिवलंय.’

मग मुख्याध्यापकांचं पत्र आलं. सर भले माणूस, सुजातावर जीव. त्यांनी जीव ओतून पत्र लिहिलं होतं आणि त्यातलं सर्वांत मोठं कौतुक असं होतं, की ही विद्यार्थिनी अत्यंत आज्ञाधारक असून तिनं वर्गात आजवर एकही प्रश्न विचारलेला नाही. मी कपाळावर हात मारला. फोन लावला आणि जमेल तेवढ्या गोडीनं सांगितलं, की सर, तिकडं प्रश्न विचारणारी पोरं लागतात.

‘मग काय, उद्धट हाय असं लिहू?’ सर दुखावले.

‘तसं नाही सर…’

‘मॅडम, तीस वर्षं झाली पत्रं लिहून राहिलो. आजपर्यंत कुणी वापस केलं न्हाई.’

नियम म्हणजे नियम. सरांचं पत्र जसंच्या तसं गेलं, निबंधही जसाच्या तसा गेला. पाठवताना मी मनात म्हटलं, एक मुलगी आहे, जी स्वतःबद्दल बोलत नाही आणि दुसऱ्याला काही विचारत नाही. हिला घेणार कोण?

मुलाखतीचं बोलावणं आलं.

बारावीचे पेपर संपले होते. मार्चचं ऊन, दुपारचे तीन, तिकडं सकाळ. नांदेडची खोली बहिणीनं सकाळपासून बंद ठेवून गार केली होती. टेबलावर लॅपटॉप, समोर सुजाता. कॉलेजचा गणवेश घालून आली होती, निळा कुडता, पांढरी ओढणी, दोन्ही खांद्यांना पिना. ‘चांगले कपडे घालून ये’ म्हटलं होतं आणि तिच्या लेखी गणवेशाहून चांगलं काही नव्हतं. मी टेबलाच्या बाजूला, तिकडच्यांना दिसणार नाही अशी बसले आणि खबरदारी म्हणून पदर तोंडाशी धरला. वडिलांना मी दाराजवळ, माझ्या पाठीमागं स्टुलावर बसवलं होतं. बोलायचं नाही, असं त्यांनाही बजावलं होतं.

पडदा उजळला. पांढऱ्या केसांच्या, चष्मा लावलेल्या एक प्राध्यापकबाई दिसल्या. त्या हसल्या.

आणि सुजाता उठून उभी राहिली.

लॅपटॉप जागचा हलला नाही, त्यामुळं तिकडं काय दिसत असेल ते मला इकडच्या छोट्या चौकटीत दिसत होतं. निळा कुडता आणि त्याच्यापुढं घट्ट बांधलेले दोन हात. डोकं नाही, चेहरा नाही. जगातल्या एका नामवंत विद्यापीठाच्या मुलाखतीला आमच्या कंधारच्या पोरीचं पोट बसलं होतं. छे, उभं होतं.

बाई चष्मा सरसावून बघायला लागल्या. मी हातानं खूण केली, तळवा खाली करून, बस बस. सुजातानं मान हलवली. तिला वाटलं मी ‘घाबरू नको, शांत राहा’ म्हणतेय. ती शांतपणे उभी राहिली. मी पुन्हा केली. ती आणखी शांत झाली. ‘बस गं बाई!’ एवढे तीन शब्द माझ्या जिभेच्या टोकावर आले आणि मला औशाचा ओंकार आठवला. मी पदर दातात धरला.

‘सुजाता,’ बाई इंग्रजीत म्हणाल्या, ‘तुझ्या खुर्चीला काही झालंय का?’

‘नाही, मॅडम. खुर्ची चांगली आहे.’

‘मग तू उभी का आहेस?’

सुजाता म्हणाली, ‘तुम्ही अजून बसायला सांगितलं नाही, मॅडम.’

आता संपलं, असं मला वाटलं. बाई दोन क्षण पडद्याकडं बघत राहिल्या. मग त्यांनी एक गोष्ट केली. त्या स्वतः उठून उभ्या राहिल्या. आता त्यांचंही डोकं दिसेना. पडद्यावर नुसता राखाडी स्वेटर आणि त्याचं एक तुटकं बटण. इकडं निळा कुडता, तिकडं राखाडी स्वेटर, मध्ये सात समुद्र.

‘गुड मॉर्निंग, सुजाता,’ स्वेटर म्हणाला. ‘आता आपण दोघी बसू या का?’

‘येस, मॅडम.’ आणि दोघी बसल्या. सुजाताच्या चेहऱ्यावरचा सगळा ताण निघून गेला होता. समोर मास्तरीण बसली होती, तिनं बस म्हटलं होतं, आता जग जागेवर होतं. मला तेव्हा हसावं की रडावं कळेना, म्हणून पदराआड दोन्ही करून घेतलं.

पण मुलाखत अजून व्हायची होती. ‘तू स्वतः केलेली एखादी गोष्ट सांग,’ बाई म्हणाल्या. सुजातानं आईवडिलांचे आभार मानले. ‘आणि तू?’ सुजातानं सरांचे आभार मानले. ‘पण तू काय केलंस?’ सुजातानं माझे आभार मानले. मी हात जोडले, बाई गं, मला तरी सोड.

प्राध्यापकबाईंनी कागद उचलला. तिचा निबंध. ‘इथं लिहिलंय, की वस्तीतल्या बायका अकरा विहिरींचं पाणी मोजतात. फार हुशार बायका दिसतात. हे पहिल्यांदा कुणाच्या डोक्यात आलं?’

सुजातानं टेबलाकडं बघितलं, हातांकडं बघितलं, मग मान वर करून माझ्या डोक्यावरून मागं, दाराकडं बघितलं. मागून वडिलांनी काय केलं मला दिसलं नाही. मग ती अगदी हळू, एखादा गुन्हा कबूल करावा तशी म्हणाली, ‘माझ्या, मॅडम.’

सहा वेळा वाचलं होतं हो मी ते वाक्य! इतक्या वर्षांचा अनुभव, दारावर पाटी, आणि विचारायचं म्हणून विचारलं नाही, की बाई, हे सुचलं कुणाला? नेदरलँड्सच्या बाईंना जे पहिल्या वाचनात दिसलं ते मला माझ्याच मातीत दिसलं नाही.

आणि एकदा ‘माझ्या’ म्हटल्यावर पोरीची वाचा फुटली. नववीत असताना आई पाण्याला गेली, तीन विहिरी हिंडली आणि अर्धी घागर घेऊन परत आली. ते सुजाताला सहन झालं नाही. कोणत्या विहिरीत पाणी आहे हे आधी कळलं तर खेप वाया जाणार नाही. वडिलांकडून आगाराच्या भंगारातला एक मोठा नट मागून आणला, तो दोरीला बांधला, दोरीला हातहात अंतरावर गाठी मारल्या. नट विहिरीत सोडायचा, तळाला टेकला की वर ओढायचा, दोरी किती हात ओली झाली ते बघायचं. रविवारी सकाळी अकरा विहिरी, मग विहाराबाहेरच्या फळ्यावर विहिरीचं नाव आणि खडूनं आकडा. काही बायकांना आकडा वाचता येत नव्हता, म्हणून आकड्यापुढं तितक्या उभ्या रेघा. बाई पुढं झुकून ऐकत होत्या, मध्येच पेन शोधत होत्या.

‘सगळ्यांनी मोजू दिलं?’ बाईंनी विचारलं.

‘एका आबांनी नाही, मॅडम.’ आणि आबांची गोष्ट आली. आबा म्हणजे गावातले बागायतदार. आपल्या विहिरीत वस्तीतल्या पोरीनं दोरी सोडायची हे त्यांना पसंत नव्हतं. ‘माझ्या हिरीत डोकवायचं न्हाई,’ असं बजावून त्यांनी तिला परत पाठवलं. सुजातानं वाद घातला नाही. फळ्यावर दहा विहिरी लिहिल्या आणि आबांच्या नावापुढची जागा कोरी सोडली. तीन रविवार कोरीच. गावानं काय समजायचं ते समजलं. पारावर लोक आबांना विचारायला लागले, ‘काय आबा, हीर आटली म्हनं?’ ऊसतोडीच्या टोळीवाल्यानंही, पुढच्या साली ऊस असणार का, म्हणून विचारलं. चौथ्या रविवारी आबा स्वतः फळ्यापाशी हजर. ‘ए पोरी, माझ्या हिरीला अकरा हात पानी हाय. माझी इज्जत कामून घालवायलीस? चल, मोज!’ सुजाता म्हणाली, ‘मोजल्याबिगर लिवत न्हाई, आबा,’ आणि त्यांच्याबरोबर गेली. पाणी भरलं सात हात. सातच लिहिलं. आबांनी कुरकुर केली, पण पुढच्या वर्षी दोरी तुटली तेव्हा नवी त्यांनीच आणून दिली.

हे सगळं तिच्या इंग्रजीत. व्याकरण जागोजागी अडखळलं आणि मला एकदाही झोप आली नाही.

शेवटी प्राध्यापकबाईंनी दुसरा कागद उचलला. मी ओळखला. मुख्याध्यापकांचं पत्र. ‘तुझे सर म्हणतात, तू कधीच प्रश्न विचारत नाहीस. मला तरी एखादा विचारशील?’

सुजातानं विचार केला. ‘मॅडम, तुमच्या देशाची कितीतरी जमीन समुद्राच्या पातळीच्या खाली आहे. तर तुमच्याकडं पाणी वाढलं की फळ्यावर कोण लिहितं?’

बाई हसायला लागल्या, आणि मग हसणं थांबवून पंधरा मिनिटं उत्तर देत राहिल्या. मुलाखतीची वेळ केव्हाच संपली होती. पडदा बंद झाला तेव्हा सुजाता पुन्हा उभी राहून ‘थँक्यू मॅडम’ म्हणाली, काळ्या पडद्याला.

मी सुटकेचा श्वास सोडून मागं वळले. वडील दाराजवळ उभे होते. स्टूल तसंच रिकामं. हात पुढं बांधलेले, लेकीसारखेच. कपाळावर घाम.

‘अहो, तुम्ही केव्हापासून उभे?’

‘सुरुवातीपासून.’

‘तासभर? का पण?’

त्यांना माझ्या प्रश्नाचंच नवल वाटलं. ‘त्या मॅडमनी सुजाताला बसायला सांगितलं,’ ते म्हणाले. ‘मला कुठं सांगितलं?’

निकाल एप्रिलच्या शेवटी लागला, दुपारी, ई-मेलनं. सुजाता गावात होती आणि तिथं फोनला रेंज नव्हती. मी आगारात फोन लावला. कुणीतरी ओरडलं, मग बराच वेळ हातोड्यांचा आवाज, मग वडील. ‘बोला मॅडम, गाडीखाली हाव.’

‘लागली,’ मी म्हटलं. ‘पोरगी चालली.’

तिकडं खडखड, काहीतरी घसरल्याचा आवाज. ‘थांबा, मॅडम,’ ते म्हणाले, ‘भाईर येतो. हे झोपून आयकायचं न्हाई.’ आणि मिनिटभरानं, ‘हां, उभा राहिलो. आता पुन्हा एकदा सांगा.’

मी पुन्हा सांगितलं. त्यांनी आणखी एकदा सांगायला लावलं, या वेळी सगळ्या आगाराला ऐकू जाईल असं. मी माझ्या नांदेडच्या खोलीत एकटीच ओरडत होते आणि बहीण पोळ्या टाकून बाहेर धावत आली. सुजाता गेली. फळ्याचं काम बंद पडलं नाही. वडिलांनी साप्ताहिक सुट्टी रविवारची मागून घेतली आणि नट-दोरी घेऊन अकरा विहिरी हिंडायला लागले. आबा म्हणे त्यांच्याबरोबर असतात, आणि सात हाताचे आठ लिहा म्हणून अजून भांडतात.

गेल्या जूनमध्ये सुजाता शिक्षण संपवून महिनाभरासाठी आली. पुढं तिथंच काम मिळालंय, इकडच्या कोरड्या भागासाठीच. मी तिला लातूरला बोलावलं. वर्षानुवर्षं ‘नीट का जेईई’ ऐकून पिकलेल्या पोरांना तिसरंही काही असतं हे दिसावं, म्हणून. फिजिक्सवाल्या सरांनी आपला हॉल दिला, स्वतः सतरंज्या घातल्या. शंभरेक पोरंपोरी बसली होती. वडीलही आले होते, नवा पांढरा शर्ट, नखांच्या कडेला तीच रेघ. मी त्यांना पुढच्या खुर्चीवर बसा म्हटलं, तर ‘हितंच बरं हाय’ म्हणून ते मागं दाराजवळच्या खुर्चीत बसले.

सुजाता पुढच्या दारानं आत आली. केस कापलेले, पाठीवर सॅक, चाल जरा झपाझप. शंभर पोरं सतरंजीवरून एका झटक्यात उभी राहिली. ती दचकून थांबली. तिथं चार वर्षं कुणी कुणासाठी उठलं नव्हतं. मग तिच्या लक्षात आलं आणि ती हसली.

‘बसा,’ ती म्हणाली. पोरं बसली.

मागच्या दाराजवळ एक माणूस तसाच उभा होता, हात पुढं बांधून.

तिनं बघितलं. सॅकचा पट्टा हातात धरून ती नुसतीच बघत राहिली. शंभर पोरं माना वळवून मागं बघायला लागली.

‘पप्पा,’ ती शेवटी म्हणाली, ‘तुमी बी बसा की.’

वडिलांनी मान हलवली आणि ते खुर्चीत बसले, अगदी ताठ.

सुजातानं डोळे पुसले, फळ्याकडं वळली, खडू घेतला. मग एकदम थांबून माझ्याकडं बघितलं.

‘अन् मॅडम,’ ती म्हणाली, ‘तुमी कामून उभ्या?’

तेव्हा मला कळलं की मीही उठले होते.